बाप पाहुणा, मामा कर्ता : एम. टी. वासुदेवन नायर यांचे घर आणि त्यांची कथासृष्टी

मराठी माणसाच्या नावाचे तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव. शाळेच्या दाखल्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत वडिलांचे नाव मध्ये उभे असते, आणि त्यात काही विशेष आहे असे आपल्याला कधी जाणवत नाही. मलयाळम भाषेतील थोर कथाकार एम. टी. वासुदेवन नायर यांच्या नावाकडे या सवयीने पाहू लागलो, तर मात्र आपली फसगत होते. 'एम. टी.' ही आद्याक्षरे वडिलांच्या नावाची नाहीत. ती 'माडत्तु तेक्केप्पाट्टु' या घराची, म्हणजे आईच्या कुळाच्या घराची आहेत. वडिलांचे नाव नारायणन नायर; ते मुलाच्या नावात कोठेच येत नाही. केरळातील वाचकांच्या तीन पिढ्या या लेखकाला नुसते 'एम. टी.' म्हणत आल्या. ज्या नावाने त्यांना हाक मारली गेली ते आईच्या घराचे नाव होते, आणि ज्या माणसाचा शोध त्यांचे साहित्य पुन्हापुन्हा घेत राहिले तो त्या घराच्या बाहेरचा होता.

लेखकाचे कौटुंबिक जीवन आणि त्याचे लेखन यांचा संबंध जोडणे ही समीक्षेतील एक निसरडी वाट आहे. त्या वाटेने जाणारा अभ्यासक पुष्कळदा कादंबरीतील पात्रांच्या नावांपुढे लेखकाच्या नातलगांची नावे मांडून थांबतो. एम. टीं.च्या बाबतीत असे करणे विशेषच अपुरे ठरेल. त्यांच्या घरातील गुंतागुंत ही एका घराची खासगी गोष्ट नव्हती. एक संपूर्ण कुटुंबपद्धती मोडत असताना तिच्या भेगेत जन्मलेल्या मुलाची ती गोष्ट होती. म्हणून त्यांच्या कथेकडे वळण्याआधी त्या पद्धतीचा थोडा इतिहास पाहिला पाहिजे.

केरळातील नायर समाजात आणि इतर काही समाजांत 'मरुमक्कत्तायम' नावाची वारसापद्धती शतकानुशतके चालत होती. 'मरुमक्कळ' म्हणजे भाचरे. म्हणून मरुमक्कत्तायम म्हणजे भाच्यांकडे जाणारा वारसा. या पद्धतीत कुटुंबाचा कणा आई आणि मुलगी, मुलगी आणि नात असा चालत असे. एका मूळ स्त्रीची अशी सर्व संतती ज्या कुळात एकत्र नांदे त्याला 'तरवाड' म्हणत. त्यातील मुलगे मरेपर्यंत तरवाडाचेच घटक राहत. मात्र त्यांची मुले त्यांच्या बायकांच्या तरवाडात वाढत. घरातील सर्वांत वडील पुरुष, म्हणजे 'कारणवर', मालमत्तेचा कारभार पाही. मुलांच्या नात्याने तो बहुधा मामा किंवा आईचा मामा असे. स्त्री-पुरुषांचा विवाहसंबंध 'संबंधम' या नावाने ओळखला जाई. जुन्या रीतीने नवरा संध्याकाळी बायकोच्या घरी येई आणि सकाळी आपल्या घरी परत जाई. मुलांना जन्म देणारा पुरुष त्यांच्या घरात पाहुणा होता. त्यांना जेवू घालणारा आणि शिक्षा करणारा पुरुष होता मामा.

मराठी वाचकाला येथे थोडे थांबावे लागते. आपल्या भाषेत मामा हा लाडाचा शब्द आहे. आजोळ म्हणजे उन्हाळ्याच्या सुटीतले आंबे, मोकळीक आणि कौतुक. मामा प्रेमळ असतो, कारण त्याच्यावर भाच्याची जबाबदारी नसते आणि भाच्याचा त्याच्या मालमत्तेवर हक्क नसतो. मलबारात हे सगळे उलट होते. तेथे मूल कायमचेच आजोळी राही. हक्क तेथेच, आश्रितपणही तेथेच. ज्याच्या कमरेला कोठाराची किल्ली, त्याच्या शब्दावर घर चाले. मलयाळम कादंबरीतील थोरल्या मामाच्या पावलांचा आवाज ऐकून मुले गप्प होतात, हे आपल्याला वाचताना नवे वाटते. त्याचे कारण या उलट्या मांडणीत आहे.

या पद्धतीची दुसरी बाजूही लक्षात ठेवली पाहिजे. तरवाडातील स्त्रीला नवऱ्याने टाकले म्हणून ती बेघर होत नसे, आणि वैधव्याने तिच्या डोक्यावरचे छप्पर जात नसे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात नायरांच्या या कुटुंबरचनेचा विचार केला आहे. उत्तरेकडील सासर-माहेर या विभागणीवर पोसलेल्या मनाला ही रचना किती वेगळी आहे, हे त्या ग्रंथाच्या वाचकाला तेव्हाच कळले असेल. परंतु घर स्त्रियांच्या रक्ताने चालत असले तरी कारभार पुरुषाच्या हाती होता. घर आईचे आणि सत्ता तिच्या भावाची, ही या व्यवस्थेतील मूळ विसंगती होय.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही व्यवस्था हलू लागली. ब्रिटिश न्यायालये, इंग्रजी शिक्षण आणि सरकारी नोकरी यांनी तरुण नायर पुरुषाच्या हाती स्वतंत्र पगार दिला. तो पगार भाच्यांना द्यायचा की स्वतःच्या मुलांना, हा प्रश्न घराघरांत उभा राहिला. ओ. चंदुमेनन यांची 'इंदुलेखा' ही कादंबरी १८८९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात शिकलेली नायिका घरातील वडीलधाऱ्यांनी योजलेला संबंध नाकारते आणि आपल्या पसंतीच्या तरुणाशी विवाह करते. १८९१ साली सरकारने मलबार विवाह आयोग नेमला. चंदुमेनन त्याचे एक सदस्य होते. आयोगाच्या कामातून १८९६ चा मलबार विवाह कायदा आला. त्याने 'संबंधम' नोंदवून त्याला कायद्याने विवाहाचा दर्जा देण्याची सोय केली, पण तिचा लाभ फारच थोड्यांनी घेतला.

याच सुमारास, १८९३ साली, राजा रविवर्मा यांनी एक चित्र काढले. मळवलीच्या छापखान्यातून घरोघरी गेलेल्या त्यांच्या देवदेवतांमुळे मराठी माणसाला हा चित्रकार परका नाही; पण ते स्वतः मातृवंशीय समाजात वाढले होते, हे आपल्या ध्यानात सहसा नसते. 'ते पाहा, बाबा आले' अशा अर्थाचे नाव असलेल्या त्या चित्रात त्यांची मुलगी कडेवर मूल घेऊन उभी आहे आणि चौकटीबाहेरून येणाऱ्या कोणाकडे तरी पाहते आहे. बाबा चित्रात नाहीत. मातृवंशाच्या घरात बाप येतो आहे, अशी त्या काळाची बातमी त्या चित्रात आहे. परंतु तो अजून चौकटीच्या आत आलेला नाही.

त्याला कायद्याने आत आणले ते चाळीस वर्षांनी. मद्रास मरुमक्कत्तायम कायदा १९३३ साली अमलात आला. त्याने 'संबंधम' हा विवाह मानला, बायकामुलांना पुरुषाच्या स्वकष्टार्जित मिळकतीत वारसा दिला, कारणवराच्या अधिकाराला मर्यादा घातल्या आणि तरवाडाच्या शाखांना वाटणी मागण्याची मुभा दिली. त्याच १९३३ साली नीळा नदीच्या, म्हणजे भारतपुळेच्या, काठी कूडल्लूर या खेड्यात अम्माळु अम्मा यांच्या पोटी वासुदेवन नायर यांचा जन्म झाला. हा योगायोग खरा. पण त्यांच्या साहित्याच्या अभ्यासकाने तो विसरू नये असा आहे.

अम्माळु अम्मांना चार अपत्ये, चारही मुलगे. वासुदेवन सर्वांत धाकटे. बापाचा वंश चालणाऱ्या घरात चार मुलगे म्हणजे भरभराट मानली गेली असती. आईच्या वंशाने चालणाऱ्या घरात मात्र मुलगी नसणे म्हणजे त्या आईची शाखा तिच्यापाशीच संपणे होय. अशा घरात चौथा मुलगा हा आनंदाचा प्रसंग असतोच असे नाही. वडील नारायणन नायर पुन्नयूर्कुळम या गावचे, कवयित्री बालामणी अम्मा आणि कमला दास यांच्या गावचे. ते सिलोनमध्ये नोकरीला होते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मलबार, कोचीन, त्रावणकोर या भागांतून असंख्य माणसे पोटासाठी सिलोनला गेली. त्यांतले ते एक. म्हणजे जो बाप परंपरेनेच पाहुणा, तो येथे समुद्रापलीकडचा पाहुणा झाला. तो पत्रांतून आणि मनिऑर्डरींतून घरी येई.

दुसऱ्या महायुद्धाने तेही अवघड केले. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून येणारा तांदूळ बंद झाला. मलबारचे भातावर जगणारे घर रेशनच्या रांगेत उभे राहिले. १९४३ साली पटकीची साथ आली. एम. टीं.चे बालपण या वर्षांतले आहे, आणि भूक हा त्यांच्या आरंभीच्या कथांचा खरा विषय आहे. वाढदिवसाची आठवण सांगणारी त्यांची एक कथा प्रसिद्ध आहे. मुलाच्या वाढदिवसाला भात-भाजीचे साधे जेवण करता यावे म्हणून आई कोठार सांभाळणाऱ्या मामाकडे धान्य मागते, आणि मागितल्याबद्दल मार खाते. मूल ते पाहते. त्या कथेत मामा खलपुरुष म्हणून रंगवलेला नाही. ओसरत चाललेल्या कोठाराचा तो राखणदार आहे. ज्या घरावर कायद्याने आईचा हक्क आहे, त्याच घरात तिला पसाभर धान्यासाठी हात पसरावा लागतो, ही त्या कथेतील वेदना आहे. वर म्हटलेली विसंगती येथे एका मुलाच्या डोळ्यांनी पाहिली गेली.

एम. टीं.नी पालक्काडच्या व्हिक्टोरिया कॉलेजात रसायनशास्त्र घेऊन १९५३ साली पदवी मिळवली. पुढे ते कोळिकोडच्या 'मातृभूमी' साप्ताहिकात आले आणि कालांतराने त्याचे संपादक झाले. १९५८ साली, वयाच्या पंचविशीत, त्यांची 'नालुकेट्टु' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि १९५९ साली तिला केरळ साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

नालुकेट्टु म्हणजे मध्ये अंगण आणि चार बाजूंना चार सोपे असलेले घर. आपल्या चौसोपी वाड्याशी त्याचे जवळचे साम्य आहे. कादंबरीचा नायक अप्पुण्णी. त्याची आई पारुक्कुट्टी हिने घरच्यांच्या इच्छेविरुद्ध कोंतुण्णी नायर या धाडसी पुरुषाबरोबर संसार मांडला, म्हणून थोरल्या मामाने तिला घराबाहेर काढले. मूल लहान असतानाच बाप मरतो. सैदालिकुट्टी नावाच्या दुकानदाराने त्याला विष घातले, असे गाव म्हणते. आई दुसऱ्याच्या घरी राबून मुलाला वाढवते. अप्पुण्णी ज्या घरावर आपला जन्मसिद्ध हक्क आहे असे ऐकत वाढतो, तेथे पहिल्यांदा जातो तेव्हा मामा त्याला हाकलून देतो. पुढे आईचे नाव शंकरन नायर या भल्या माणसाशी जोडले जाते. दुखावलेला मुलगा आईला सोडून त्याच नालुकेट्टुत आश्रित म्हणून शिरतो, शिकतो, वायनाडच्या मळ्यावर नोकरी करून पैसे साठवतो आणि शेवटी कर्जात बुडालेले ते घर विकत घेतो.

ही कथा आत्मचरित्र नव्हे. एम. टीं.चे वडील विषाने मेले नाहीत आणि आईला कोणी बहिष्कृत केले नाही. तरीही त्या घराचा अंधार, ओल, कोठाराचे कुलूप आणि सोप्यात वावरणारी निरुपाय माणसे यांची खात्री पटते ती अनुभवामुळेच. लेखकाने घडलेल्या गोष्टी बदलल्या आणि नात्यांची रचना मात्र तशीच ठेवली : बाप अनुपस्थित, मामा सत्ताधारी, आई हतबल, मुलगा हक्कदार असूनही उपरा. कादंबरीतील सर्वांत धाडसाची योजना सैदालिकुट्टीची आहे. ज्याचा सूड घ्यायचा म्हणून मुलगा वाढला, तोच माणूस पुढे त्याला वायनाडची वाट दाखवतो. घरातील रक्ताच्या माणसांनी जे दिले नाही ते बापाच्या कथित मारेकऱ्याने दिले. कुळ म्हणजे आपले आणि बाहेरचा म्हणजे वैरी, ही तरवाडाची शिकवण या एका घटनेने उलटी होते.

कादंबरीचा शेवट फार बोलका आहे. अप्पुण्णी आईला आणि शंकरन नायरलाही त्या घरात आणतो. मामाने जिला काढले ती परत येते, आणि तिच्याबरोबर तिने स्वतः निवडलेला पुरुषही येतो. मग तो सांगतो की हे घर पाडून येथे हवा आणि उजेड असलेले छोटे घर बांधू. या शेवटात काही वाचकांना जुन्या वैभवाबद्दलची हळहळ ऐकू आली, तर काहींना नव्या युगाचा जयघोष. मला वाटते, दोन्ही वाचने घाईची आहेत. घर मिळवण्यासाठी अप्पुण्णीने जे मोजले, ते म्हणजे आईपासून दूर काढलेली वर्षे, परत मिळत नाही. कायदा वाटणी करू शकतो, पैसा घर विकत घेऊ शकतो. हरवलेले बालपण मात्र कोणाच्याच वाट्याला येत नाही. कादंबरीचे दुःख येथे आहे.

पण वाटणीतच ज्यांचे नाव येत नाही त्यांचे काय? या प्रश्नाशी एम. टीं.चे सर्वांत हळवे लेखन येऊन थांबते. 'निन्टे ओर्मय्क्कु', म्हणजे 'तुझ्या स्मरणार्थ', ही त्यांची कथा सिलोनहून परतलेल्या बापाची आहे. पुष्कळ दिवसांनी वडील येणार म्हणून घर वाट पाहते. ते येतात, आणि त्यांच्याबरोबर एक लहान मुलगी असते. तिची भाषा वेगळी. या घरातले कोणी तिच्याशी बोलू शकत नाही. ही कोण, हे कोणी उघड विचारत नाही, पण सर्वांना एकच संशय असतो. आईचा संताप उसळतो, घरात कडाक्याचे भांडण होते, आणि काही दिवसांनी वडील त्या मुलीला घेऊन परत जातात. जाताना ती या मुलाला एक रबरी घुबड देऊन जाते. मोठेपणी पेटीत ते खेळणे सापडते आणि कथा सुरू होते. या कथेची मुळे आपल्याच घरात आहेत, हे एम. टीं.नी लपवले नाही. पुढे कित्येक वर्षांनी लिहिलेल्या 'कडुगण्णाव : एक प्रवासवर्णन' या कथेत ते याच आठवणीकडे परतले. तिचा नायक कामानिमित्त श्रीलंकेत जातो आणि वाकडी वाट करून त्या मुलीचा माग काढू पाहतो.

या मुलीचे दुःख नीट समजण्यासाठी मरुमक्कत्तायमचे गणित पुन्हा आठवावे लागते. आपल्याकडे एका बापाच्या दोन बायकांची मुले सावत्र भावंडे होतात. ती भांडतात, न्यायालयात जातात, पण ती एकमेकांची कोणीतरी असतात. मातृवंशात बाप सामाईक असल्याने नाते जुळत नाही. त्या मुलीचे कूळ तिच्या आईचे, म्हणजे समुद्रापलीकडचे. या तरवाडाची ती कोणीही नव्हती. बापाचा नवा कायदा आला होता, परंतु त्यालाही न नोंदलेल्या, न सांगितलेल्या नात्याची ओळख नव्हती. जुन्या व्यवस्थेत तिला जागा नाही, नव्या व्यवस्थेत तिला नाव नाही. 'बहीण' हा शब्द तिच्यासाठी फक्त एका मुलाच्या मनात उरला, आणि तो उच्चारायला त्याला कथा लिहावी लागली. एम. टीं.च्या साहित्याचे मर्म मला येथे दिसते. दोन कायद्यांच्या मधल्या फटीत जी माणसे पडली, त्यांच्यासाठी त्यांनी कथेत जागा केली.

अशी माणसे त्यांच्या लेखनात ओळीने भेटतात. 'कुट्ट्येडत्ती' मधील कुरूप, हट्टी थोरली बहीण आपल्या जातीबाहेरच्या तरुणावर जीव लावते आणि शेवटी गळफास घेते. 'ओप्पोळ' मधील लहान मुलगा जिला ताई म्हणतो ती त्याची आईच असते. 'असुरवित्तु' (१९६२) या कादंबरीतील गोविंदनकुट्टी हा गरीब तरवाडातील धाकटा मुलगा. श्रीमंत नातलग आपले लांच्छन झाकण्यासाठी आधीच गरोदर असलेल्या मुलीशी त्याचे लग्न लावतात. अपमान असह्य होऊन तो धर्मांतर करून मुसलमान होतो, आणि शेवटी दोन्हीकडून तुटतो. गावात पटकी येते तेव्हा ज्या प्रेतांना कोणी हात लावत नाही ती पुरण्याचे काम तोच करतो. जिवंतांच्या कोणत्याही घरात ज्याला जागा नाही तो मृतांना जागा देतो. १९४३ च्या साथीची बालपणीची आठवण आणि घरातील उपरेपणाची आठवण या प्रसंगात एकजीव झाल्या आहेत.

'काळम' (१९६९) या कादंबरीला १९७० सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिचा नायक सेतू हा तरवाड सोडून शहरात गेलेला माणूस. त्याच्यावर कोणा मामाची सत्ता नाही, त्याला कोणी अडवत नाही. पण ज्या स्त्रियांनी त्याच्यावर प्रेम केले त्यांतील एकीलाही तो आपले घर देऊ शकत नाही. ज्याने घरात प्रेम केवळ मागून मिळवलेले पाहिले, त्याला ते देता येत नाही. अप्पुण्णीच्या विजयाचा हिशेब लेखकाने अकरा वर्षांनी सेतूच्या पराभवात पुरा केला, असे म्हणता येईल.

'रण्टामूळम' (१९८४) या कादंबरीत हा सगळा प्रवास महाभारताच्या भूमीवर पोहोचतो. शीर्षकाचा अर्थ 'दुसरा क्रम'. द्रौपदीच्या सहवासात धर्मानंतर येणारा, राज्यात दुसरा, पराक्रमात मात्र पहिला असा भीम हा तिचा निवेदक-नायक आहे. आपण वायुदेवाचा पुत्र आहोत या विश्वासावर भीम आयुष्य काढतो. संकटात तो त्या बापाला हाक मारतो. उत्तरायुष्यात कुंतीकडून त्याला कळते की आपला जन्मदाता देव नव्हता. अरण्यातून वाऱ्यासारखा आलेला एक अनाम वनवासी होता. चौकटीबाहेरचा बाप, ज्याच्या येण्याची वाट पाहिली तोच कोणी दुसरा निघणे, भाऊ असूनही वाट्यात मागे राहणे : कूडल्लूरच्या घरातील प्रत्येक सूर येथे पुन्हा लागला आहे. कुरुकुळात वंश बापाचा चालतो, आणि तरीही कोणाच्याच बापाची खात्री नाही. मातृवंशीय घरातून आलेल्या लेखकाला ही विसंगती चटकन दिसावी, यात नवल नाही.

मराठी वाचकाला येथे इरावती कर्वे पुन्हा आठवतील, या वेळी 'युगान्त' च्या लेखिका म्हणून. १९६८ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या त्या पुस्तकात विदुर हाच धर्माचा पिता असावा, असा तर्क त्यांनी मांडला. आणि द्रौपदीवर खरे प्रेम भीमानेच केले, हे तिला अखेरच्या क्षणी उमगते असे दाखवले. एम. टीं.च्या कादंबरीतही धर्माचा पिता विदुरच आहे. एक मानववंशशास्त्राच्या वाटेने आणि दुसरा घरातील आठवणीच्या वाटेने, असे हे दोन लेखक व्यासांच्या मौनाच्या त्याच जागांवर येऊन उभे राहिले. नातेसंबंधांचे नियम ज्यांनी जवळून पाहिले, त्यांना त्या नियमांनी झाकलेली माणसेही दिसली.

या साहित्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तरवाडाचे कोठार ज्यांच्या कष्टाने भरत होते ती कुळे आणि शेतमजूर एम. टीं.च्या कथांत बहुधा कडेला उभे असतात. केरळातील जमीनसुधारणांनी १९७० पासून कुळांना जमिनीचे मालक केले. त्या घटनेकडे पाहण्याची खिडकी या कथांत नालुकेट्टुच्याच भिंतीत आहे. शिवाय पाहणारा डोळा सहसा मुलाचा असतो. आई आणि बहीण यांच्यासाठी तो रडतो, पण मातृवंशाने स्त्रीला जो आसरा दिला आणि जो पुढे गेला, त्याचा हिशेब तो फारसा मांडत नाही. दुःखाने दिलेली दृष्टी तीक्ष्ण असते. ती सर्वत्र फिरतेच असे नाही.

१९७५ साली केरळ विधानसभेने एकत्र कुटुंबपद्धती रद्द करणारा कायदा केला, आणि तो १९७६ च्या डिसेंबरात अमलात आला. तरवाड कायद्याच्या पुस्तकातून गेला. एम. टीं.ना १९९५ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला, आणि २५ डिसेंबर २०२४ रोजी कोळिकोड येथे त्यांचे निधन झाले. आजच्या केरळातील मुलाच्या कागदपत्रांत बापाचे नाव सहज असते, आणि कारणवर हा शब्द कित्येकांना कादंबरीतूनच कळतो. ज्या वादांत घरे बुडाली ते मिटले आहेत.

उरले आहे ते पेटीच्या तळाशी असलेले रबरी घुबड. ते कोणत्याही वाटणीपत्रात लिहिले गेले नाही आणि कोणत्याही न्यायालयात मागितले गेले नाही. आईचे आडाक्षर नावात वागवणाऱ्या एका मुलाने ते जपून ठेवले, कारण परकी भाषा बोलणारी एक मुलगी काही दिवस त्याच्या घरात राहिली होती आणि ती त्याची बहीण होती, याचा दुसरा पुरावा त्याच्याजवळ नव्हता.